मोरपिशी भोपळा

ओटोचा चेहरा दिसत नव्हता. घरातून निघताना ब्रिजेटनं सवयीनं वळून पाहिलं, तर जिथं चेहरा असायचा तिथं रुपेरी रंगाचा पुठ्ठा होता. डोळ्यांच्या जागी दोन चौकोनी भोकं आणि तोंडाच्या जागी काळ्या जाळीचा तुकडा. नीलनं गॅरेजमध्ये खपून पोरासाठी हॅलोविनचा हा रोबो केला होता. रंग तिनंच आणून दिला होता, माप घेताना ओटोचं डोकं तिनंच धरलं होतं, आणि तेव्हा हे अजिबात लक्षात आलं नव्हतं. आता पायरीवर उभं असताना आलं. दिवसातून कितीतरी वेळा ती या पाच वर्षांच्या पोराच्या ओठांकडे बघायची. ओठ, मग डोळ्यांखालची कातडी, मग मान. बोलता बोलता, भांडी विसळता विसळता, सिग्नलला गाडी थांबली की आरशातून. आपण बघतोय हे तिला एरवी जाणवतही नसे. आज बघायला काही नाही म्हटल्यावर जाणवलं.

"जाळी काढून टाकू या का?" ती म्हणाली. "तोंड तरी मोकळं राहील."

"रोबोला तोंड नसतं, मॉम," खोक्याच्या आतून आवाज आला.

"मग त्या पिशवीचं करणार काय? चॉकलेटं मला दे," नील म्हणाला. तो गॅरेजच्या दारात घडीच्या खुर्चीवर बसला होता, मांडीवर वाटायच्या चॉकलेटांचं मोठं भांडं, पायाशी बिअर, मागे रेडिओवर पॅकर्सची फुटबॉल मॅच. "ब्रिज, निघ आता. भरदिवसा कोण पळवून नेणार आहे त्याला?"

पळवून नेणाऱ्यांची भीती तिला नव्हती. हे नीललाही माहीत होतं, पण खऱ्या भीतीचं नाव मुलांसमोर घ्यायचं नाही असं दोघांनी ठरवलेलं होतं, म्हणून तो अशा दुसऱ्याच भीतीची चेष्टा करायचा. ब्रिजेटनं खांद्यावरच्या पिशवीत हात घालून आतली नारिंगी थैली चाचपली. ती होती. ती नेहमीच असायची, तरी चाचपल्याशिवाय तिचं पाऊल उचलत नसे.

"हॅटी, त्याचा हात सोडू नकोस."

"नाही सोडत," हॅटी म्हणाली. ती आठ वर्षांची होती आणि आज वटवाघूळ होती. जुन्या काळ्या छत्रीचे दोन तुकडे तिच्या कोटाच्या बाह्यांना शिवले होते, त्यामुळे हात वर केला की पंख उघडायचा. तिनं पंखाखालून भावाचा पुठ्ठ्यातून बाहेर आलेला हात धरला आणि दोघं पुढे चालू लागली.

रविवारची दुपार होती. अग्निशमन केंद्राचा भोंगा नुकताच वाजून गेला होता आणि पुन्हा वाजेपर्यंत सगळी गल्ली पोरांची होती. मिलवॉकीच्या या बाजूला हॅलोविन असाच, रविवारी दुपारी, उन्हात. दुसरीकडची माणसं यावर हसतात, म्हणतात भुतं काय जेवण करून फिरायला निघतात का? ब्रिजेटला लहानपणापासून दुपारच्याच हॅलोविनची सवय होती आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे. आज मात्र ऊन नकोसं वाटत होतं. अंधार असता तर भीतीला काही निमित्त तरी मिळालं असतं. इथं मेपलची पानं पिवळीधमक झाली होती, हवेत कुणीतरी भाजत असलेल्या सॉसेजचा वास होता, प्रत्येक घराच्या पायरीवर कोरलेले भोपळे हसत होते, बाप लोक एकमेकांना मॅचचा स्कोअर विचारत होते, आणि या सगळ्या आनंदात प्रत्येक दारात एक भांडं होतं ज्यात तिच्या मुलाचं मरण असू शकत होतं. हे वाक्य तिच्या मनात अगदी असंच उमटलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. शेजारीपाजारी इतके चांगले. भांडी रंगीत. मरण म्हणजे काय, दाण्याएवढा चुरा.

ती लहान होती तेव्हा तिची आई घरी आल्यावर सगळी चॉकलेटं जेवणाच्या टेबलावर ओतायची आणि एकेक वेष्टन उजेडात धरून बघायची. कुणी दुष्ट माणसानं आत टाचणी तर खुपसली नाही ना, ब्लेडचा तुकडा तर घातला नाही ना. तशी टाचणी आपल्या ओळखीत कुणालाच कधी सापडली नव्हती, पण शोध दरवर्षी व्हायचा, आणि ब्रिजेट आणि तिचा भाऊ हनुवटी टेबलाच्या कडेवर टेकून त्या दुष्ट माणसाची वाट बघायचे. त्या भीतीत मजा होती. तो माणूस गल्लीतला नव्हता, कुठूनतरी लांबून येणारा होता, त्याला ओळखता आलं असतं. आता ती स्वतः आई झाली होती आणि दुष्ट माणूस कुठेच नव्हता. आता तिला भीती वाटायची ती चांगल्या माणसांची. केक करून आणणाऱ्या आयांची, मुलांना खिशातून गोळी काढून देणाऱ्या म्हाताऱ्यांची, आग्रह करणाऱ्यांची. नीलची आई, मार्लिस, फार आग्रह करायची.

मार्लिसचं स्वयंपाकघर. ते आठवायचं नाही असं ठरवलं तरी पावलापावलाला ते येतच होतं. ओटो तेव्हा जेमतेम उभा राहायला शिकला होता, खुर्चीचा पाय धरून उभा होता. हॅटी चार वर्षांची, खुर्चीवर बसून पीनट बटर लावलेला टोस्ट खात होती. तिनं स्वतःचा घास मोडला आणि खाली वाकून भावाच्या तोंडात घातला. मार्लिस म्हणाली, बघा, किती माया. ब्रिजेटसुद्धा हसली होती. तिनं फोटो काढायला फोन उचलला होता, आणि त्या फोनच्या चौकटीतच तिनं पाहिलं की पोराचे ओठ मोठे होताहेत. आधी ओठ, मग डोळे मिटल्यासारखे झाले, मग खोकला आला, आणि मग खोकलाही येईना. रुग्णवाहिकेत तिच्या हातात त्याचं पाऊल होतं, कारण बाकी सगळा तो इतरांच्या हातात होता. पुढे सगळं ठीक झालं. डॉक्टरांनी दोन बोटांत इंजेक्शनचं पेन धरून शेंगदाण्याच्या ॲलर्जीबद्दल समजावून सांगितलं, कपाटं रिकामी केली, घरात दाणा म्हणून राहिला नाही. मार्लिसकडेही राहिला नाही, जरी ती अजूनही म्हणायची की आमच्या वेळी असलं काही नव्हतं. आणि टोस्ट कुणी दिला याबद्दल कुणी एक अक्षर काढलं नाही. चार वर्षांच्या पोरीला काय आठवणार? मोठ्या माणसांनी तिच्या वतीनं ते विसरून टाकलं.

घराघराचा एक क्रम ठरला होता. मुलं दारात जाणार, ट्रिक ऑर ट्रीट म्हणून खाऊ मागणार, ब्रिजेट बाकीच्या आईबापांसारखी खाली फुटपाथवर थांबणार. दारापर्यंत मोठ्यांनी जायचं नसतं, पोरांचा मान असतो तो. मग मुलं परत येणार, ओटो पिशवी उघडून दाखवणार आणि ती बघणार. हे चालेल, हे नाही, हे घरी गेल्यावर बदलून देईन. तोवर तोंडात काही घालायचं नाही. ओटो याची कुरकुर करत नसे. रोबो वाकून पिशवी उघडायचा आणि ती पिशवीऐवजी जाळीकडे बघायची. आतून श्वासाचा आवाज यायचा, पुठ्ठ्यात घुमल्यामुळे जरा मोठा वाटायचा. हा नेहमीचा का? सर्दी होती का त्याला सकाळी? "ओटो, काहीतरी बोल," असं ती म्हणायची, आणि तो यंत्रासारख्या आवाजात म्हणायचा, "काहीतरी." हॅटी हसायची नाही. ती जरा बाजूला उभी राहून आईकडे बघत असायची.

मग मिसेस लुडविगचं घर आलं आणि पायरीवर मोरपिशी रंगाचा भोपळा दिसला. ब्रिजेटच्या खांद्यांतून काहीतरी उतरून गेलं. नारिंगी भोपळे सगळीकडे असतात. मोरपिशी भोपळ्याचा अर्थ वेगळा. या घरी आमच्यासारख्यांची आठवण ठेवली आहे, असा तो निरोप. अशा घरात खेळणी मिळतात, स्टिकर, रबरी कोळी, किंवा निवडून आणलेलं, कुणालाही चालेल असं खाणं. या गल्लीत तसा भोपळा आजवर फक्त ब्रिजेटच्या दारात असायचा, आणि तो पाहून बायका तिला हळुवार आवाजात विचारायच्या की कसा आहे गं आता तो. आणि आज मिसेस लुडविग. ऐंशीच्या घरातली, नवरा गेलेली, रस्त्यातला बर्फ अजून स्वतः काढणारी बाई. तिनं कुणालातरी विचारलं असेल, दुकानात जाऊन शोधला असेल. ब्रिजेटला एकदम रडू आलं. तिला वाटलं, आपण फार काळ या माणसांवर अन्याय करत आलो आहोत.

"इथलं माझं ना, मॉम?" ओटोनं विचारलं. आपल्या दारातला रंग त्याला ओळखता येत होता.

"हो. इथलं तुझं. बदलायला नको."

मुलं दारात गेली. मिसेस लुडविगनं खोकं ठोकून बघितलं, पंख बघितले, पुष्कळ वेळ लावला. ब्रिजेट दगडी कठड्यावर बसली. दुपारभरात ती पहिल्यांदाच बसत होती. तिनं डोळेही मिटून घेतले, आणि पापण्यांवर ऊन आलं ते चांगलं वाटलं. मुलं परत आली तेव्हा तिनं पिशवी उघडायला लावली नाही. कोपऱ्यावरच्या घरी अंगणात गवताच्या भाऱ्यांचा चक्रव्यूह केला होता आणि पोरांची झुंबड होती. "जा पुढे, मी येतेच," ती म्हणाली, कारण मिसेस लुडविग तिला वर बोलावत होती.

"नवरा कुठंय गं?"

"मॅच ऐकतोय."

"आमचा एर्विनही तसाच होता. लग्नाच्या वाढदिवसालाही कानाला रेडिओ." म्हातारी हसली. तिच्या कोटावर मांजराचे केस होते. "पोरं गोड आहेत हो तुझी. तो धाकटा मला म्हणतो, मला तोंड नाही. मी म्हटलं, मग तुझ्या वाटणीचं ताईच्या हातात देते."

"मिसेस लुडविग, तुमच्या भोपळ्यासाठी आभार मानायचे होते. म्हणजे, तुम्ही लक्षात ठेवलंत."

"आवडला ना? मी म्हटलं कुणाच्या तरी नजरेत येईलच. दुकानात ढिगानं नारिंगी, आणि हा एकच असा. आमच्या दाराचा रंग बघ, अगदी तोच. एर्विननं दिला होता दाराला. मला राहवलंच नाही."

ब्रिजेटनं दाराकडे पाहिलं. दार मोरपिशी होतं. इतकी वर्षं ती या दारावरून जात होती.

"मुलांना काय दिलंत?" तिनं विचारलं. आवाज तिचाच होता, पण लांबून आल्यासारखा वाटला.

"विकतचं नाही हं. मी नाही देत तो कचरा. घरच्या वड्या, पीनट बटरच्या, वरून चॉकलेट. आमच्याकडे सणाला त्याच असायच्या. म्हटलं ताज्या आहेत तोवर लगेच..."

पायऱ्या कशा उतरल्या ते तिला कळलं नाही. ती पळत होती आणि फुटपाथ भुतांनी भरलेला होता. चादरीतली भुतं, ढालतलवारवाले, परी झालेल्या पोरी, ढकलगाडीत झोपलेला एक भोपळा, आणि सगळे हळू चालत होते. "अहो, जरा सांभाळून," कुणीतरी म्हणालं. इथलं तुझं, असं मीच म्हणाले. बदलायला नको, असं मीच म्हणाले. खोक्यात त्याचे ओठ आता मोठे होत असतील आणि कुणालाही दिसणार नाही. तो खोकेल आणि लोकांना वाटेल रोबो खोकतोय, किती छान. तो खाली बसेल आणि लोक म्हणतील, बॅटरी संपली वाटतं. मार्लिसकडे निदान चेहरा होता. माझ्या फोनमध्ये होता, पण होता. ती पळता पळता मोजत होती की म्हातारीशी किती बोलणं झालं. नवरा, रेडिओ, एर्विन, दार. प्रत्येक वाक्याला एक श्वास धरला तर किती श्वास? तिला वाटलं आपण त्याला फक्त डोळ्यांनी जिवंत ठेवत आलो आहोत, आणि आज दुपारी उन्हात डोळे मिटून बसलो.

चक्रव्यूहात ती दोघं नव्हती. तिनं नाव घेऊन हाक मारली. रुपेरी काहीतरी दिसलं ते कुणाचं तरी चिलखत होतं. मग तिला कुंपणाच्या झुडपापाशी काळी छत्री दिसली. दोघं गवतावर समोरासमोर बसली होती. हॅटी ताठ, मांडीवर मूठ मिटलेली, आणि रोबो तिच्याकडे तोंड करून, अजिबात न हलता.

ब्रिजेट गुडघ्यांवर आदळली. तिनं खोकं दोन्ही हातांनी धरून ओढलं, ते निघेना, नीलनं खांद्यापाशी चिकटपट्टी लावली होती. तिनं पुठ्ठा उभाच्या उभा फाडला. आतून ओटोचा चेहरा बाहेर आला. लालबुंद. केस कपाळाला चिकटलेले, गाल लाल, मान लाल. हे उकाड्यानं आहे की ते आहे? तिला कळेना. इतकी वर्षं जो चेहरा ती वाचत आली होती तो तिला वाचता येईना. तिनं थैलीतून इंजेक्शनची दोन्ही पेनं काढून गवतावर टाकली, एकाचं टोपण दातांनी काढलं, डाव्या हातानं त्याची मांडी चाचपली.

"काय खाल्लंस? ओटो, तोंड उघड. काय खाल्लंस?"

ओटोनं रोबोच्या फाटलेल्या डोक्याकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं. तोंड उघडं होतं, जीभ गुलाबी होती, आवाज मोकळा, मोठा, भरपूर हवेचा होता. ओठांना काही नव्हतं.

"काही नाही खाल्लं," तो रडत म्हणाला. "तू तोडलास माझा रोबो. मी काही नाही खाल्लं. मी थांबलो होतो."

"कशासाठी?"

"हॅटीसाठी."

ब्रिजेटनं वर पाहिलं. हॅटी जागची हलली नव्हती. तिच्या ओठांच्या कोपऱ्याला चॉकलेट लागलं होतं.

"त्याला अजून दिलं नाही, मॉम," ती म्हणाली. "मी आधी खाते. माझं गाणं पुरं व्हायचंय."

"कुठलं गाणं?"

"शाळेतलं. मनात म्हणायचं. ते संपेपर्यंत मला काही झालं नाही तर मग त्याला द्यायचं. नेहमी तसंच करतो आम्ही." तिनं मूठ उघडली. तळव्यावर दुसरी वडी होती, मऊ झालेली, बोटांचे ठसे उमटलेली. "ही छान आहे. हिच्यात काही नाहीये. मी असं कधी खाल्लंच नव्हतं."

घरात दाणा नव्हता. चार वर्षांत नव्हता. पोरीला ती चव ओळखू येण्याचं कारणच नव्हतं, आणि हे ब्रिजेटला कळलं तेव्हा तिनं हातातलं पेन पुन्हा गवतावर टाकलं. गाणं संपायलाच आलं होतं. एक कडवं, दोन कडवी. शाळेत, वाढदिवसांना, मार्लिसच्या टेबलाखाली, किती वेळा हे गाणं म्हटलं गेलं असेल. आणि प्रत्येक वेळी हॅटीला काही झालं नाही, म्हणून ओटोला मिळालं, आणि प्रत्येक वेळी ते नशिबानं ठीक निघालं. ब्रिजेट इतकी वर्षं घराघरातून ज्या माणसाला शोधत होती, जो चांगुलपणानं तिच्या पोराच्या तोंडात मरण घालील, तो तिच्याच घरात, तिच्याच समोर जेवत होता.

ओटो रडत रडत बहिणीकडे सरकला, तिच्या पंखात शिरायला. "त्याला हात लावू नकोस," ब्रिजेट ओरडली. तिनं पोराला मागे खेचलं. हॅटीनं हात झटकन मागे घेतले आणि वडी गवतात पडली. तिचा चेहरा पांढरा पडला. तिथं काही झाकलेलं नव्हतं, पुठ्ठा नव्हता, जाळी नव्हती. दुपारभर तो चेहरा उघडा होता.

"तुझ्या हाताला लागलंय," ब्रिजेट आवाज खाली आणत म्हणाली. "म्हणून म्हटलं. वडीत पीनट आहे, हॅटी. तुला काही होत नाही. त्याला होतं. त्याचं त्यालाच होतं. तू खाऊन काही कळत नाही."

हॅटीनं यावर पुष्कळ विचार केला. तिच्या कपाळाला आठी पडली, अगदी नीलसारखी. "मग मला कधीच काही झालं नसतं?"

"नाही."

"अच्छा," ती म्हणाली. मग आपल्या तळव्याकडे बघत म्हणाली, "मला वाटायचं, होईल."

ब्रिजेटनं ओले रुमाल काढले आणि तिची बोटं पुसायला घेतली. एकेक बोट, नखाखालून, मग तळवा, मग ओठांचा कोपरा. तिला पोरीला छातीशी धरायचं होतं, पण आधी पुसणं भाग होतं, कारण नंतर हेच हात ओटोला लागणार होते. ओटो फाटकं डोकं मांडीवर घेऊन हुंदके देत बसला होता. हॅटीनं हात पुढे धरले होते, डॉक्टरकडे धरतात तसे.

"भीती नाही वाटायची तुला?"

"वाटायची ना. पण रोज नाही." तिनं गवतावर पडलेल्या दोन पेनांकडे बघितलं. "आणि तू दोन आणतेस. एक त्याचं आणि एक माझं. म्हणून मी खायचे."

दुसरं पेनही ओटोचंच होतं. पहिल्यानं भागलं नाही तर द्यायचं म्हणून डॉक्टरांनी जोडी दिली होती, आणि ब्रिजेटनं ती कायम त्याच्यासाठीच बाळगली होती. चार वर्षं हॅटी तिच्या डोळ्यांसमोर घास तोंडात घालून थांबत होती, मरायची तयारी करत होती, आणि आईकडे आपल्यापुरतं औषध आहे एवढ्यावर विश्वास ठेवून होती. कोपऱ्यावर पोरं ओरडत होती, कुणाच्या तरी गॅरेजमधून मॅचचा जल्लोष ऐकू आला. ब्रिजेटनं रुमाल बाजूला टाकला आणि तिला जवळ ओढलं. छत्रीच्या काड्या दोघींच्या मध्ये कडकडल्या.

"हो," ती म्हणाली. "दुसरं तुझंच आहे."

हॅटीनं डोकं तिच्या खांद्यावर टेकवलं. तिचा श्वास ब्रिजेटच्या कानाशी लागत होता, गोड, चॉकलेटचा वास येणारा, आणि ब्रिजेट तो ऐकत राहिली, एक आत, एक बाहेर. तिला पहिल्यांदाच दोन्ही मुलांसाठी भीती वाटत होती.